रँग्लर म्हणजे नेमकं काय?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

अस्मिता ऑक्टोबरात केंब्रिजला गणित शिकायला निघाली, आणि घरात सगळे 'आता रँग्लर होणार' म्हणताहेत, हे वाचून फार आनंद झाला. पण त्या शब्दाचं ओझं तिच्या बॅगेत जाण्याआधी तो नीट समजून घे.

आपल्याकडे रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी असं नावाआधी लागतं, म्हणून ती पदवी वाटते. ती पदवी नाही. गणिताच्या परीक्षेला तिथे ट्रायपॉस म्हणतात. तिच्या शेवटच्या वर्षी जे पहिल्या वर्गात येतात ते रँग्लर. दुसऱ्या वर्गातले सीनियर ऑप्टिमे, तिसऱ्यातले ज्युनियर ऑप्टिमे. रँग्लर म्हणजे वाद घालणारा. लेखी पेपर येण्यापूर्वी लॅटिनमधून वाद करून परीक्षा होई, आणि तिपाई स्टुलावर बसून उमेदवारांशी वाद घालणाऱ्या पदवीधरावरून 'ट्रायपॉस' हे नाव आलं.

एकोणिसाव्या शतकात निकाल क्रमांकानुसार लागे आणि त्याची अक्षरशः शर्यत झाली होती. १८५४ साली आठ दिवसांत १६ पेपर होते, मिळून साडेचव्वेचाळीस तास. त्या वर्षी एडवर्ड राउथ पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर, आला आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरा! राउथने पुढे खासगी शिकवणी घेऊन पंचवीसहून जास्त सीनियर रँग्लर घडवले; मॅक्सवेलने विद्युतचुंबकत्वाची समीकरणं दिली. क्रमांकाने काय मोजलं जात होतं, हे यावरून कळतं. १८९० मध्ये न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांचे गुण पहिल्या आलेल्याहून जास्त होते. तरी स्त्री म्हणून त्यांना क्रमांक मिळाला नाही, 'सीनियर रँग्लरच्या वर' एवढीच नोंद झाली. स्त्रियांना तिथे पदवी मिळायला १९४८ उजाडलं. मुलीचा बाप म्हणून हे तू लक्षात ठेव.

आपले परांजपे सेंट जॉन्स कॉलेजचे. १८९९ मध्ये ते जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने पहिले आले. दहाच वर्षांनी, १९०९ नंतर, क्रमवार यादी बंद झाली. हार्डीसारखे गणितीच तिच्यावर तुटून पडले होते. मुलं झटपट सुटणाऱ्या ठरावीक कोड्यांत तरबेज होत आणि खरं गणित बाजूला राही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं.

आता तिच्या रोजच्या दिवसाबद्दल. शिकवण्याची टर्म आठच आठवड्यांची. पहिल्या वर्षी पहिल्या दोन टर्ममध्ये चार-चार विषय, प्रत्येकाची २४ लेक्चर. म्हणजे रोज दोन, शनिवारीसुद्धा. प्रत्येक विषयाला चार 'एक्झाम्पल शीट', म्हणजे सरावाच्या प्रश्नांचे कागद, तेव्हा आठवड्याला साधारण दोन शीट सोडवायची. शीट आधी देऊन ठेवायची, मग सुपरव्हिजन: एक शिक्षक, बहुधा दोनच विद्यार्थी, एक तास. सगळं शिक्षण या तासात आहे.

आणि घोटाळाही इथेच होतो. शाळेत प्रत्येक गणित सोडवलेली हुशार मुलं तिसऱ्या प्रश्नावर अडतात, रात्रभर तिथेच बसतात आणि पुढचे सात प्रश्न कोरे राहतात. काही जण लाजेने मागच्या वर्षीची उत्तरं उतरवतात. मग शिक्षकाला अडचण दिसतच नाही आणि तास फुकट जातो. तिला सांग, लेक्चर झालं त्याच दिवशी शीट उघड. सगळे प्रश्न एकदा हाताळ. अडलीस तर कुठवर आलीस आणि पुढे काय सुचत नाही, ते तिथेच लिहून दे. सुपरव्हिजनमधल्या जोडीदाराशी चर्चा खुशाल कर, पण लिहिताना एकटी लिही.

डिसेंबरची सुट्टी घरी येण्यासाठी असली तरी वह्या बरोबर हव्यात, कारण टर्ममध्ये उजळणीला वेळ उरत नाही. उन्हाळ्यात तीन-तीन तासांचे चार पेपर. पूर्ण सोडवलेल्या मोठ्या प्रश्नाला तिथे विशेष मोल आहे; चार अर्धवट उत्तरांपेक्षा दोन पुरी उत्तरं जास्त गुण देतात. हे उशिरा कळणारे बरेच असतात.

फोनवर 'कितवी आलीस' विचारू नकोस, 'या आठवड्यात कुठे अडलीस' विचार. आणि शनिवारी दुपारी तर फोन करूच नकोस. तेव्हा तिथे सकाळ असते आणि ती वर्गात असेल.

तुझा,
मकरंद