सागरी रस्ता ठरवताना मागच्या सीटवरच्यांनाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियातल्या सागरी रस्त्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती. पण ‘मेलबर्नहून सकाळी निघून ग्रेट ओशन रोड पाहून रात्री परतता येते’ हा सल्ला वाचला आणि राहवले नाही. येते परतता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तसेच परतलो. आम्ही म्हणजे मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि बाहत्तर वर्षांची आई. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात.

टॉर्की ते अलन्सफर्ड हा रस्ता २४३ किलोमीटरचा. साधारण मुंबई-सातारा, त्यात काय, असे मलाही वाटले होते. पण टॉर्की गाठायलाच मेलबर्नपासून शंभरेक किलोमीटर जावे लागते. किनाऱ्याने ट्वेल्व्ह अपोसल्स या समुद्रात उभ्या सुळक्यांपर्यंत जाऊन कोलॅकमार्गे आतल्या रस्त्याने परतलो, तरी दिवसाकाठी पाचशे किलोमीटर झाले. लॉर्न ते अपोलो बे हा टप्पा सर्वांत देखणा आणि सर्वांत वळणांचा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला थेट समुद्र. मुलाला नेमकी तिथेच गाडी लागली. आवळासुपारी झाली, लिंबू झाले, शेवटी पिशवी झाली. केनेट रिव्हरला झाडांवर कोआला दिसतात, हे मुलीने घरूनच वहीत लिहून आणले होते. वेळ गेला म्हणून तिथे थांबलोच नाही. अपोलो बेनंतर तर रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो आणि बराच वेळ पाण्याचा थेंब दिसत नाही. जंगल सुंदर आहे, उंचच उंच झाडे, खाली नेच्यांची दाटी. पण ‘समुद्र कुठे गेला?’ या मागून येणाऱ्या प्रश्नाला बापाकडे उत्तर नसते.

अपोसल्सना पोहोचायला चार वाजले. वारा असा की आई पाच मिनिटांत गाडीत येऊन बसली. जवळच गिब्सन स्टेप्स म्हणून कड्यात खोदलेल्या ८६ पायऱ्या आहेत. मुलगी त्या मोजत वाळूत उतरली आणि वर बघते तो मी तिला घड्याळ दाखवत होतो. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. गाडीत बसल्यावर तिने विचारले, “बाबा, बारा कुठे होते?” बारा नाहीतच. नाव बाराचे, उभे आठ. चुनखडीचे सुळके ते, लाटा पायथा खात राहतात. २००५ मध्ये एक सुळका कोसळला. पुढे लंडन ब्रिज नावाची कमान आहे. तिचा किनाऱ्याला जोडणारा भाग १९९० मध्ये पडला, तेव्हा पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. ही गोष्ट मी मुलांना त्या कमानीसमोर उभे राहून सांगायला हवी होती. सांगितली परतीच्या वाटेवर, अंधारात, निम्मी गाडी झोपलेली असताना.

रस्त्याचा यात काही दोष नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी कुदळ-फावड्यांनी १९१९ ते १९३२ या काळात तो खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून. ईस्टर्न व्ह्यूला त्याची लाकडी कमान आहे. आम्ही तिच्याखालून न थांबता गेलो, याची आता लाज वाटते. या रस्त्याला लॉर्न किंवा अपोलो बे इथे दोन रात्री द्यायला हव्यात. तेवढा वेळ नसेल तर तो पुढच्या खेपेला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मग आम्ही सिडनीला धाकट्या बहिणीकडे गेलो आणि पुढचा बेत तिने आपल्या हातात घेतला. रॉयल नॅशनल पार्कपासून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा ग्रँड पॅसिफिक ड्राइव्ह साधारण १४० किलोमीटरचा. यासाठी तिने तीन दिवस ठेवले. मी हसलो होतो. तिने मुद्दाम शनिवारी निघायचे ठरवले, कारण वाटेत हेलन्सबर्गला वेंकटेश्वराचे मंदिर आहे आणि तिथले उपाहारगृह शनिवार-रविवारी चालू असते. दर्शन झाले, गरम डोसा पोटात गेला आणि आईचा ऑस्ट्रेलियावरचा राग निम्मा उतरला. पुढे बाल्ड हिलवरून खाली सगळा किनारा दिसतो आणि डोक्यावर हँग ग्लायडर घिरट्या घालतात. याच टेकडीखालच्या समुद्रकाठी लॉरेन्स हारग्रेव्ह या उड्डाणाचे प्रयोग करणाऱ्या संशोधकाने १८९४ मध्ये पेटीसारखे पतंग एकाखाली एक बांधून स्वतःला जमिनीवरून वर उचलून घेतले होते. मुलाने हे ऐकल्यापासून घरातले एकही खोके सुरक्षित नाही.

थोडे पुढे सी क्लिफ ब्रिज. दरडी कोसळू लागल्या म्हणून २००३ मध्ये जुना रस्ता बंद केला आणि २००५ मध्ये कड्यापासून दूर, समुद्रावर ६६५ मीटरचा हा वळणदार पूल उभा केला. आमच्या घाटांत दर पावसाळ्यात जाळ्या ठोकणाऱ्यांनी एकदा पाहून यावा. पुलाला समुद्राच्या बाजूने पादचारी मार्ग आहे, एकही पायरी नाही. आई बहिणीचा हात धरून सावकाश चालली, मधे थांबून लाटा बघितल्या, परत आली. अपोसल्सपाशी जे जमले नाही ते इथे जमले.

मुक्काम कियामाला. तिथे खडकातल्या भोकातून समुद्राचे पाणी कारंज्यासारखे उसळते. लाटा आग्नेयेकडून आल्या तरच, एरवी नुसता गुडगुडल्यासारखा आवाज. संध्याकाळी गेलो तर काही नाही. सकाळी पुन्हा गेलो, आई कठड्याजवळ थर्मासमधला चहा ओतत होती, आणि पाणी असे उडाले की चहासकट तिचा पदर भिजला. दुसऱ्यांदा जाता आले, कारण मुक्काम तिथेच होता. एका दिवसाच्या सहलीत संध्याकाळचा तो गुडगुड आवाज ऐकूनच परत फिरलो असतो. तिसऱ्या दिवशी जर्व्हिस बेला हायम्स बीचची पांढरी वाळू पायाखाली कुरकुर वाजते. मुलांनी दोन तास तेवढेच केले.

लेखात महिन्यांचा उल्लेखच नव्हता. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात. तेव्हा मेलबर्नकडे थंडीची चाहूल असते आणि सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. दिवाळीत आठच्या सुमारास. दोन्ही वेळा तिथल्या शाळा चालू असतात, त्यामुळे रस्त्यावर गर्दी कमी. मे महिन्यातच जायचे असेल तर मी म्हणेन उत्तरेला केर्न्स ते पोर्ट डग्लस हा रस्ता धरा. जेमतेम ६५-७० किलोमीटर, हवा उबदार आणि समोर ग्रेट बॅरियर रीफ. मात्र तिथे साधारण नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा हंगाम असतो आणि मगरींच्या पाट्या असतात, त्या गंमत म्हणून लावलेल्या नसतात.

आणखी एक. तिथेही गाडी डावीकडूनच चालते. म्हणून ग्रेट ओशन रोड पूर्वेकडून पश्चिमेला आणि सिडनीचा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेला धरावा. समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि थांब्यावर वळताना समोरची गाडी आडवी येत नाही. सात वर्षांखालच्या मुलाला वेगळे आसन सक्तीचे आहे, मांडीवर घेणे चालत नाही. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, त्याआधी मुक्कामी पोहोचावे. आम्ही त्या रात्री कोलॅकहून परतताना शेवटचे दोन तास डोळ्यांत तेल घालून रस्ता बघत होतो.

ग्रेट ओशन रोडला पुन्हा जायचे आहे. मुलीचे कोआला राहिलेत.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली