गवताचा जिल्हा

व्हॅलेंटाइन, नेब्रास्का
२१ एप्रिल

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळून महिना झाला. तू लिहिलंस की तुझ्या सातवीच्या पोरांना अमेरिका म्हणजे उंच इमारती एवढंच ठाऊक आहे, आणि एखाद्या खेड्यातल्या भागाबद्दल मी लिहिलं तर तू त्यांना वर्गात वाचून दाखवशील. तेव्हापासून डोक्यात एकच जागा होती. मातीपाण्याच्या कामासाठी दरवर्षी इथं येतो, पण पत्र इथं बसूनच लिहायचं म्हणून थांबलो. काही भाग पोरांसाठी आहे, काही फक्त तुझ्यासाठी. कुठलं वाचायचं ते तू ठरव.

या भागाचं नाव चेरी काउंटी, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समज. मुख्य गावात कोर्टाची इमारत, निवडून दिलेला शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, रस्ते बघणारं मंडळ. चेरी म्हटल्यावर पोरं फळ डोळ्यांसमोर आणतील, पण इथं चेरीच्या बागा नाहीत. सॅम्युअल चेरी नावाचा एक लष्करी अधिकारी १८८१ मध्ये मारला गेला, त्याचं नाव १८८३ मध्ये जिल्ह्याला दिलं.

आता फळ्यावर दोन आकडे लिही. आपल्या सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण १४,९०० चौरस किलोमीटर, चेरीचं साधारण १५,५००. म्हणजे चेरी थोडी मोठीच. मग लोकसंख्या विचार. सोलापूरची २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर. चेरीची २०२० मध्ये ५,४५५. पोरांना दोन-तीनदा वाचून दाखव, पहिल्यांदा खरं वाटणार नाही. त्यातली निम्मी माणसं एकट्या व्हॅलेंटाइन गावात. बाकीचा जिल्हा म्हणजे गवत, तारेचं कुंपण आणि मध्येच एखादी पाणी उपसणारी पवनचक्की. समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरून दोन बोटं वर करतो. ओळख नसली तरी. तो रामराम आहे. जिल्हा पूर्व-पश्चिम इतका लांब की त्याच्या मधून वेळेची रेषा जाते, पश्चिमेकडची घड्याळं पूर्वेकडच्यांपेक्षा एक तास मागं असतात. रेषेजवळच्या माणसाला भेटायची वेळ ठरवताना “तुमच्या की आमच्या?” असं विचारावं लागतं.

पण बंडू, मला खरं सांगायचंय ते गवताबद्दल.

हा सगळा मुलूख वाळूचा आहे. चेरी आणि आजूबाजूचे जिल्हे मिळून जवळजवळ ५०,००० चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, म्हणजे महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. काही टेकड्या शंभर मीटरहून उंच. वाऱ्याने आणून रचलेल्या आणि हजार-एक वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात पुन्हा चालू लागलेल्या. चालू लागलेल्या म्हणजे खरोखरच, राजस्थानातल्या टेकड्या सरकतात तशा. आज त्या उभ्या आहेत त्या केवळ गवताच्या मुळांनी धरून ठेवल्यात म्हणून. वर चार बोटं हिरवळ, खाली मुळांचं जाळं आणि त्याखाली नुसती वाळू.

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर, माझी गाडी वाळूत रुतली. पायवाटेसारखी चाकोरी सोडून मी टेकडीच्या उतारावरून आडवी घातली होती. रँचच्या मालकीणबाई, वय सत्तरीच्या पुढं, ट्रॅक्टर घेऊन आल्या आणि काही न बोलता गाडी ओढून काढली. मला वाटलं झालं. पण त्या गेल्या नाहीत. परत जाऊन मागच्या वर्षीच्या सुक्या गवताचा एक मोठा गोल गठ्ठा घेऊन आल्या, आणि माझ्या चाकांनी जिथं गवत उखडलं होतं तिथं दोघांनी मिळून तो हाताने पसरला. मग त्या म्हणाल्या की एक चाकोरी उघडी राहिली की वारा तिथं बोट घालतो, दोन-तीन वर्षांत तिथं टेकडीला खड्डा पडतो, आणि तो खड्डा त्यांची नातवंडं बुजवत बसतात. पलीकडच्या टेकडीवर असा एक खड्डा त्यांनी दाखवलाही, एखाद्या विहिरीएवढा रुंद, उघडी पांढरी वाळू. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून तो बुजतोय. त्या दिवसापासून मी इथं गवतावर गाडी घातलेली नाही.

पाण्याचंही तसंच. पाऊस इथं वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्यासारखाच. पण आपल्याकडं पडलेलं पाणी ओढ्यानं निघून जातं, इथं ते वाळूत मुरतं. खाली ओगलाला नावाचा भूजलसाठा आहे, आठ राज्यांखाली पसरलेला, आणि त्याचा सर्वांत जाड थर याच टेकड्यांखाली. दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागी तेच पाणी वर येऊन तळी झालीत, आणि नद्या उन्हाळ्यातही वाहतात. मोठी नदी नायोब्रारा, हे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव, अर्थ पसरट पाणी. उन्हाळ्यात पोरं नदीत काय सोडतात माहीत आहे? गुरांना पाणी पाजायची लोखंडी गोल टाकी. गुऱ्हाळातल्या काहिलीसारखी, पण खोल आणि त्याहून रुंद. आठ-दहा जण आत गोल बसतात आणि टाकी गिरक्या घेत प्रवाहाबरोबर जाते. हे तुझ्या वर्गात वाचलंस की पुढची दहा मिनिटं शिकवता येणार नाही.

माणसं इथं कशी आली तेही सांग. आधी हा लाकोटा, पॉनी अशा लोकांचा शिकारीचा मुलूख. त्यांना हटवून सरकारनं जमीन वाटायला काढली. आधीच्या कायद्यात एका कुटुंबाला १६० एकर मिळायची. ऐकायला खूप, पण या वाळूत नांगर घातला की पीक नाही आणि गवतही नाही, आणि नुसत्या चराईवर तेवढ्यात कुणाचं भागेना. मग १९०४ मध्ये किंकेड नावाच्या खासदारानं नवा कायदा आणला, ६४० एकरांचा. त्या कायद्याखाली आलेल्यांत काळ्या लोकांची कुटुंबंही होती. काहींचे आजे-पणजे गुलामीतून पळून कॅनडात गेलेले. त्यांनी नॉर्थ लूप नदीकाठी १९०७ च्या सुमारास डेविटी नावाची वस्ती केली. चर्च होतं, शाळा होती, बेसबॉलचा संघ होता. तीसेक वर्षांत वस्ती उठली. आज तिथं पुन्हा गवत आहे, आणि रस्त्याच्या कडेला एक फलक. मी दोनदा तिथं जाऊन उभा राहिलो. धरण झाल्यावर उठलेल्या आपल्या गावांची आठवण येते, फक्त इथं पाणी नाही, सगळं उघड्यावर आहे.

आज इथला धंदा एकच, गुरं. मांसासाठी पाळलेल्या गायी या जिल्ह्याइतक्या देशात दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नाहीत, दीड लाखाच्या आसपास. हे पोरांना सांगायचं की नाही ते तू बघ, मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्यांना हे नक्की सांग की फेब्रुवारी-मार्चच्या बर्फात रात्री दोन वाजता उठून कालवडीचं बाळंतपण करणारी बारा-तेरा वर्षांची पोरं इथं घरोघरी आहेत. गारठलेलं वासरू स्वयंपाकघरात आणून टॉवेलने पुसतात. शाळेत डोळे मिटत असतील तर बाईंना कारण विचारावं लागत नाही.

शाळेवरून आठवलं. कोडी नावाचं गाव आहे, वस्ती दीडशेच्या आसपास. गावातलं किराणा दुकान बंद पडलं होतं, दुधाच्या पिशवीसाठी साठेक किलोमीटर जावं लागे. मग शाळेच्या मुलांनी, शिक्षक आणि गावकरी बरोबर घेऊन, दुकान उभं केलं. २०१३ मध्ये उघडलं. माल मागवणं, हिशेब ठेवणं, गल्ल्यावर बसणं, सगळ्यात मुलं. आणि भिंती कशाच्या? काडाच्या गठ्ठ्यांच्या, वरून गिलावा. या टेकड्यांत झाडं नव्हती म्हणून शंभर वर्षांपूर्वी लोकांनी गवताचे गठ्ठे रचून घरं बांधली, तीच रीत. तुझ्या शाळेचा पट वीसच्या खाली गेला म्हणून तू किती खचला होतास, ते पत्र माझ्याकडं आहे. म्हणून हे जरा लांबवून लिहिलं.

व्हॅलेंटाइनबद्दल थोडक्यात. इथल्याच एका खासदाराच्या आडनावावरून गावाला नाव पडलं, पण प्रेमिकांच्या दिवसाचंही नाव तेच, म्हणून फेब्रुवारीत जगभरातून लोक इथल्या पोस्टात पत्रं पाठवतात, खास शिक्का मारून पुढं रवाना करायला. फुटपाथवर लाल बदाम रंगवलेत. गावाच्या पूर्वेला फोर्ट नायोब्रारा. लष्कराचा तळ होता, १९१२ पासून अभयारण्य. कोट्यवधी बायसन, म्हणजे गव्यासारखी मोठी रानगुरं, मारून संपवले होते, एका वेळी देशात हजारही उरले नव्हते. पुढं एका माणसानं आपल्या खाजगी कळपातले सहा इथं सोडायला दिले. आज इथं काही शे आहेत. संध्याकाळी टेकडीच्या कडेवर त्यांची रांग दिसते.

आणि आता ज्यासाठी मी एप्रिलपर्यंत थांबलो ते. आज पहाटे साडेचारला मी एका लाकडी खोपटात जाऊन बसलो. बाहेर शून्याखाली. उजाडायच्या आधी आवाज सुरू झाला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा, पण चहूबाजूंनी. माळकोंबड्यांचे नर. मानेच्या दोन्ही बाजूंना नारिंगी पिशव्या फुगवून, पिसं उभी करून, पाय इतक्या वेगानं आपटतात की जमीन हलल्यासारखी वाटते. दरवर्षी त्याच जागी येतात. गवत आखूड लागतं, आणि मोकळं क्षितिज.

बंडू, तुला नान्नज आठवतं का? सहावीत होतो, तुझ्या काकांच्या सायकलींवर गेलो होतो. दुपारभर काही दिसलं नाही आणि मग तो माळढोक, गळ्याची पांढरी पिशवी जमिनीपर्यंत लोंबलेली, आणि तो “हूंम” असा घुमणारा आवाज. तू माझा हात इतका घट्ट धरलास की नखं रुतली. आज त्या खोपटात मला अगदी तेच झालं, आणि धरायला कुणाचा हात नव्हता. आपल्याकडं आता माळढोक जवळजवळ नाहीच. माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे रिकामं, मग त्याच्यावर नांगर तरी घाला नाहीतर झाडं तरी लावा, हेच आपण लहानपणापासून ऐकलं. इथंही ती कल्पना होती. १९०२ मध्ये सरकारनं या जिल्ह्यात वाळूवर पाइनचं जंगल उभं करायला घेतलं. ते राष्ट्रीय वन आजही नकाशावर आहे, आणि त्यात बहुतेक सगळं गवतच आहे. आता तर माळावर देवदारासारखी झुडपं पसरायला लागली की हेच रँचवाले शेजारी-शेजारी जमून, वारा बघून, मुद्दाम आग लावतात, गवत वाचवायला.

तुझ्या पोरांसाठी एक काम. इथं एक गवत आहे, त्याच्या बियांना लांब शेपटी असते. सुकली की ती पिळते, ओल लागली की उलगडते, आणि बी आपोआप जमिनीत शिरतं. आपल्या कुसळीचं हुबेहूब तेच. मी पहिल्यांदा मोज्यातून ती बी काढली तेव्हा क्षणभर मंगळवेढ्याच्या रस्त्याला उभा होतो. कुसळीची एक बी पाण्याच्या थेंबावर ठेवायला सांग आणि काय होतं ते प्रत्येकाला लिहायला सांग. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून माळावरच्या गवतांची नावं गोळा करायला सांग. शेडा, पवन्या, मारवेल एवढी मला येतात. माझ्या आईला वीस-बावीस यायची, आणि मी तिला कधी विचारली नाहीत.

यादी मला पाठव. इथल्या मालकीणबाईंना वाचून दाखवायचं कबूल केलंय. सोबत शाळेसाठी वेगळं पोस्टकार्ड टाकतोय, शिक्का व्हॅलेंटाइनचा आहे, पोरांना हातात घेऊन बघू दे.

वहिनींना नमस्कार, धाकटीला पापा.

तुझाच,
दिल्या