जाग्या रुग्णाच्या कानांसाठी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी शासकीय रुग्णालयांतून निवृत्त झालेला भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णाला हेडफोनवर स्वतःच्या आवडीचे काही ऐकता यावे, यासाठी हे पत्र. सीझर, हर्निया, मोतीबिंदू अशा शस्त्रक्रियांत रुग्ण बहुधा जागाच असतो. तेवढाच भाग बधिर करणाऱ्या भुलीने वेदना थांबते, ऐकू येणे थांबत नाही. डोळ्यांवर हिरवे कापड आणि कानांवर अवजारांचा खणखणाट, रक्त ओढून घेणाऱ्या सक्शन यंत्राची घरघर, शिवाय आमच्या आपापसातल्या गप्पा, अशा अवस्थेत नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो आणि मोतीबिंदूच्या रुग्णाने घाबरून मान हलवली तर डोळ्यालाच धोका होतो. भीती घालवणारे इंजेक्शन आहे, पण त्याने श्वास मंदावू शकतो, आणि सीझरमध्ये ते बाळापर्यंत पोहोचत असल्याने बाळ बाहेर येईपर्यंत आम्ही ते शक्यतो टाळतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १५७ रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हातापायाची नस बधिर करण्याआधी काहींना मिडाझोलाम हे भीती घालवणारे औषध आणि काहींना हेडफोनवर शांत संगीत देण्यात आले, तेव्हा दोन्ही गटांतील भीती जवळपास सारखीच कमी झाली. मात्र संगीत ऐकणारे तुलनेने कमी समाधानी होते आणि त्यांच्याशी बोलणे अवघड गेले. संगीत संशोधकांनीच निवडलेले होते.

ही चूक मीही केली आहे. एका आजींना न विचारता मी मोबाइलवर भजन लावले. शस्त्रक्रिया संपल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्याकडे माणूस गेल्यावर भजन बसवतात."

म्हणून माझी मागणी थिएटरमध्ये स्पीकर बसवण्याची नाही (तिथे आजही गाणी लागतात, पण ती सर्जनच्या आवडीची). रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून साधा प्लेअर, तारेचे हेडफोन आणि प्रत्येक रुग्णासाठी नवे आवरण घेण्यास परवानगी देणारे परिपत्रक आपण काढावे. काय ऐकायचे, की काहीच नको, हे परिचारिकेने आदल्या दिवशी रुग्णाला विचारून केसपेपरवर लिहावे आणि आमची हाक ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. ज्याला औषधाची गरज आहे त्याला ते मिळायलाच हवे. हेडफोन दिले म्हणून कुणाचे इंजेक्शन वाचवले जाऊ नये, हेही त्याच परिपत्रकात स्पष्ट असावे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ