ती लाल रेघ शाईची नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवरचा लेख वाचला. लेख सोपा आहे, पण एका वाक्याला मी अडले. लेखक म्हणतात की पट्टीतले सोन्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारी प्रथिने, वाहून नेतात आणि 'रेघेला लाल रंग रंगद्रव्यामुळे येतो'. म्हणजे सोने नुसते हमाल, रंग मात्र दुसऱ्याचा! रंगीत लॅटेक्सचे गोळे वापरणाऱ्या पट्ट्या असतात, नाही असे नाही. पण जिथे सोने वापरले आहे, तिथे तो लाल रंग सोन्याचाच.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे सहायक होते. दर वर्षी सोन्याच्या नॅनोकणांचे द्रावण करायचे काम माझ्याकडे असे. क्लोरोऑरिक आम्लाचे, म्हणजे सोन्याच्या संयुगाचे, फिकट पिवळे पाणी उकळत ठेवायचे, ढवळता ढवळता सोडिअम सायट्रेट ओतायचे आणि बघत राहायचे. पिवळेपणा जातो, मग पाणी काळपट, जांभळट होते आणि काही मिनिटांत डाळिंबी लाल. त्या शंकुपात्रात रंग म्हणून काहीही टाकलेले नसते.

होते ते असे. सोन्यातले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकदम हेलकावतात. १५-२० नॅनोमीटरच्या (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कणात त्यांना जागाच इतकी थोडी, की हा हेलकावा एका ठरावीक तालाला जोर धरतो. तो ताल सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाचा. हिरवा शोषला गेला की आपल्याकडे लाल पोहोचतो. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच सांगितले होते की हा लाल रंग अतिसूक्ष्म सोन्याचा आहे. त्यामागचे गणित गुस्ताव मी (Mie) या भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले.

पण मला खरे कौतुक कणाच्या पृष्ठभागाचे. एक ग्रॅम सोन्याचा ठोकळा केला तर त्याचे सगळे पृष्ठ मिळून एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच सोन्याचे १० नॅनोमीटरचे गोळे केले की सुमारे ३१ चौरस मीटर! (हिशेब मी दोनदा तपासला आहे.) सायट्रेटचे ऋणभारित थर या पृष्ठावर बसतात, म्हणून कण एकमेकांना लांब ठेवतात. द्रावणात चिमूटभर मीठ टाका, तो भार झाकला जातो, कण एकमेकांना बिलगतात. त्यांचे हेलकावे जुळून ताल लांब तरंगांकडे सरकतो आणि लाल द्रावण डोळ्यांदेखत निळे पडते. एकदा घाईत मी शंकुपात्र अम्लराजाने (सोने विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणाने) न धुता नुसते विसळले होते. सगळी खेप राखाडी-निळी झाली आणि तास संपेपर्यंत मी कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

कण बिलगले की रंग बदलण्याची हीच खोड पुढे कामाला आली. गंधकाचे टोक असलेले रेणू सोन्याला घट्ट धरतात. असे डीएनएचे तुकडे कणांवर बसवले, की जुळणारा धागा भेटताच कण जवळ येतात आणि रंग बदलतो. ही तपासणी १९९० च्या दशकातच दाखवली गेली. कण गोल न ठेवता दांड्यासारखे केले तर शोषण अवरक्ताच्या, म्हणजे लालच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, बाजूला नेता येते. तो प्रकाश शरीराच्या ऊतींत जास्त खोल जातो, म्हणून कर्करोगाची गाठ तापवून मारण्याच्या उपचारासाठी संशोधक या दांड्यांच्या मागे आहेत.

चाचणीच्या पट्टीत प्रतिपिंडे कणाच्या पृष्ठावर चिकटवलेली असतात. लघवीत एचसीजी हे गर्भारपणातले संप्रेरक असले तर कण त्याला धरून पुढे वाहतात, रेघेवरची दुसरी प्रतिपिंडे त्याच संप्रेरकाला पकडतात आणि कण तिथे थांबतात. लाखो कण साचले की रेघ दिसते. शेजारची नियंत्रण रेघ कणांवरच्या प्रतिपिंडांनाच पकडते, म्हणून ती गर्भ असो-नसो उमटायलाच हवी. ती नसेल तर चाचणी बाद. लेखात हे राहिले आहे आणि वाचकाच्या दृष्टीने तेच सर्वांत गरजेचे होते.

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात हे कण पिवळेधमक, चकचकीत काढले आहेत. दुरुस्ती छापाल तेव्हा चित्रकाराला ते लाल रंगवायला सांगावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक