फ्लूची टेस्ट नेमकी कुठली धरायची? मंडळी, तुमची मदत हवीये

नमस्कार मंडळी, नागरिक मंडळाच्या आरोग्य समितीकडून लिहितोय, मेसेज मोठा आहे पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या सीझनला समितीतल्याच एकांच्या आईचा झटपट मशीनवरचा फ्लूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून औषध थांबवलं, आणि दोन दिवसांनी आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त काम करतं, आणि ते तास तर निघून गेलेले. आजी बऱ्या झाल्या, पण आम्हाला ती गोष्ट लागून राहिली.

म्हणून लॅबच्या मंडळींना सोबत घेऊन एकाच स्वॅबवर तीन टेस्ट करून बघायचं ठरवलंय. एक आरटी-पीसीआर, म्हणजे व्हायरसचा आरएनए वेगळा काढायचा, त्याचा डीएनए बनवायचा आणि ४० सायकलपर्यंत दर सायकलला साधारण दुप्पट करत जायचं, सिग्नल कितव्या सायकलला दिसला तो सीटी नंबर. दुसरी आरटी-लॅम्प, ६५ डिग्रीच्या आसपास एकाच तापमानाला चालते, व्हायरस असेल तर अर्ध्या-एक तासात ट्यूब गुलाबीची पिवळी होते. तिसरी कार्ट्रिजवाली, स्वॅबचं पाणी आत टाकलं की सगळं मशीनच करतं.

ट्रायलला एक ट्यूब धड गुलाबी नाही धड पिवळी नाही, केशरी झाली, एक टेक्निशियन म्हणे पॉझिटिव्ह, दुसरी म्हणे नाही, दोघीही अनुभवी. हा रंग आम्लपणावर बदलतो, म्हणजे स्वॅब ज्या द्रवातून आला तोच आंबट असेल तरी गडबड होऊ शकते. असे सॅम्पल बाजूला ठेवून सीक्वेन्सिंग, म्हणजे त्यातला आरएनए अक्षर-अक्षर वाचून बघणं, करणार आहोत, अंदाजाने ठरवणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, आम्हाला फक्त फणफणलेले पेशंट नकोत. सीटी जितका कमी तितका व्हायरस जास्त, म्हणून सीटी २० वाले सॅम्पल कुठलीही टेस्ट पकडते, तेवढेच घेतले तर तिन्ही टेस्ट पहिल्या नंबरने पास. खरा फरक कळतो तो ३३-३६ वाल्यांत, कारण साधारण ३.३ सायकल जास्त लागल्या म्हणजे दहापट कमी व्हायरस. त्यामुळे थोडासाच खोकला असलेले, फ्लू आहे की साधी सर्दी कळत नाही असेही लोक या, निगेटिव्ह निघालात तरी ते सॅम्पल तितकंच कामाचं, त्याशिवाय खोटे पॉझिटिव्ह किती येतात ते कसं कळणार?

वस्तू आणि पैसे दोन्ही लागतायत: स्वॅब, रिएजंट (टेस्टला लागणारी रसायनं), आणि उणे ७० डिग्रीचा फ्रीजर, कारण २ ते ८ डिग्रीला सॅम्पल ७२ तासच ठेवायचं असतं. आरएनए पुन्हा पुन्हा वितळवून गोठवला की तुटतो, म्हणून आल्याआल्याच तीन भाग करायचे, त्यासाठी संध्याकाळी लेबल लावायला आणि नोंदी करायला दोन-तीन जण हवेत, शिकवू आम्ही. कोणाकडे वापरात नसलेला फ्रीजर असेल तर तो आधी सांगा, पैशांपेक्षा तीच अडचण मोठी आहे.

नाव कुठेही जाणार नाही, ट्यूबवर फक्त कोड, सही घेतल्याशिवाय स्वॅब नाही, आणि आरटी-पीसीआरचा रिपोर्ट तुम्हाला मिळेल. ताप किंवा खोकला सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत या, आणि येताना मास्क लावून या.