बाबा, रात्री बोटाला टोचून घ्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

रात्री नऊला आरोग्य कर्मचारी हत्तीरोगासाठी रक्त तपासायला दारी आले आणि बाबांनी ‘मला काही झालं नाही’ म्हणत त्यांना परत पाठवलं, असं आई फोनवर म्हणाली. तेव्हापासून मला चैन नाही.

बाबा, ते मुद्दामच रात्री येतात. हत्तीरोगाचे बारके जंत दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभर रक्तात उतरतात, दहा ते दोनच्या सुमारास सर्वांत जास्त. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. दुपारी रक्त घेतलं तर ज्या काचेवर थेंब तपासतात ती बहुतेक कोरीच निघते, जंत दिसतच नाहीत. परवा लॅबमध्ये ताज्या थेंबात मला एक दिसला. जेमतेम पाव मिलिमीटरचा, पण तांबड्या पेशींना ढुसण्या देत सारखा वळवळत होता. काच रंगवल्यावर अंगावरची पातळ खोळ आणि शेपटीचं कोरं टोक दिसलं, तेव्हा तो हत्तीरोगाचाच, अशी खात्री पटली. ज्याचं रक्त होतं तो माणूस तुमच्यासारखाच ठणठणीत, रोज बांधीत उतरणारा. त्याला चावलेला डास दहा-चौदा दिवसांनी दुसऱ्याला हा रोग देऊ शकतो. आपल्या अंगणात छकुली झोपते, बाबा.

आई, तुझं वेगळं आहे. दर पावसाळ्यात थंडी वाजून ताप, जांघेत गाठ, मग डावा घोटा सुजतो आणि तू ते अंगावर काढतेस. पाय सुजू लागल्यावर रक्तात जंत पुष्कळदा सापडतच नाहीत, म्हणून काच कोरी आली तरी निश्चिंत राहू नकोस. डॉक्टरांना पाय दाखव. हृदय आणि मूत्रपिंडही तपासायला सांग, त्यांच्यामुळेही सूज येते. रोज पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पूस. चिखल्यांतून जिवाणू शिरले की तो ताप पुन्हा येतो.

आणि बाबा, या रोगाने अंडकोषात पाणी साचून सूज, म्हणजे अंडवृद्धी, असेल तर माझ्यापासून तरी लपवू नका. काकांनी लाजेपायी किती वर्षं काढली, ते मी पाहिलंय. साध्या ऑपरेशनने ते बरे झाले.

जंत सापडले तर डीईसी या जंत मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या बारा दिवस घ्यायच्या, जेवणानंतर. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात.

बुधवारी ते पुन्हा आपल्या गल्लीत येणार आहेत. मी आशाताईंशी बोललोय. जेवण झालं तरी दार लावून घेऊ नका.

तुमचा,
धाकटा