टोपली काढली म्हणून कचरा थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जलतरण तलावाचं पाणी गढूळ दिसलं की पोहणारे पहिली तक्रार क्लोरीनची करतात. 'क्लोरीन कमी पडलंय, अजून टाका.' मी गेली बावीस वर्षं तलावाच्या पंपघरात फिल्टर सांभाळतो. गढूळ पाण्याचं कारण मला क्लोरीनच्या डब्यापेक्षा कचऱ्याच्या टोपलीत कितीतरी जास्त वेळा सापडलं आहे. ही टोपली काठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहितो आहे.

तलावाच्या भिंतीत पाण्याच्या पातळीला चौकोनी तोंडं असतात, ते स्किमर. तोंडाशी एक झडप डुलत असते. तिच्यामुळे फक्त वरचा पातळ थर आत ओढला जातो आणि पंप बंद झाल्यावर आत आलेली पानं पुन्हा तलावात येत नाहीत. पाणी या तोंडाच्या साधारण मध्यावर हवं. त्याहून वर गेलं तर पृष्ठभागाची ओढ मरते, खाली गेलं तर पंप हवा खातो. आत एक टोपली असते. तिच्यातून निसटलेला कचरा पंपाच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या टोपलीत अडकतो. त्यानंतर पाणी वाळूच्या टाकीत जातं. तिथली वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरची. तिचं काम वीस-चाळीस मायक्रॉनची, डोळ्यांना न दिसणारी धूळ अडवण्याचं आहे. पानं, काड्या आणि केस तिच्यापर्यंत पोचायलाच नकोत. पोचले तर अंगाचं तेल आणि केस मिळून वाळूवर चिकट थर बसतो, वाळूचे गोळे होतात, आणि पाणी त्यांच्या मधल्या फटींतून न गाळताच पुढे जातं.

गेल्या वर्षी मी आठ दिवस रजेवर होतो. त्या दिवसांत जोराचं वारं सुटलं. पाचोळा इतका पडला की टोपली दर दोन तासांनी भरायची. बदलीवर आलेला मुलगा नवीन होता, शिवाय तिकीट खिडकीचं कामही त्याच्याच गळ्यात. त्याने पंपाची टोपलीच काढून बाजूला ठेवली. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी जेटमधून, म्हणजे गाळलेलं पाणी तलावात परत येतं त्या तोंडांतून, पाण्याऐवजी बुडबुडे यायला लागले आणि संध्याकाळपर्यंत तळाच्या फरशीवरच्या रेषा दिसेनाशा झाल्या. मी परत येऊन पंप खोलला. इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकावर, केस रिळावर दोरा गुंडाळावा तसे घट्ट बसले होते. त्यात केसांची तीन रबरं, एक जखमेची पट्टी आणि पानांचे देठ. कात्रीने कापून, चिमट्याने ओढून ते काढायला मला दोन तास लागले. पंपाचं सीलही गेलं होतं. तलाव तीन दिवस बंद राहिला. त्या मुलाला मी दोष देत नाही. दोन माणसांचं काम एकावर टाकलं की असंच होतं.

त्या दोन दिवसांत कुणी वाळूच्या टाकीवरच्या प्रेशरच्या काट्याकडे पाहिलं असतं तरी हे टळलं असतं. फिल्टर स्वच्छ असताना काटा जिथे उभा राहतो तिथे मी लाल रंगाची खूण करून ठेवतो. काटा खुणेच्या आठ-दहा पौंड वर गेला म्हणजे वाळू भरली, बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवायची आणि ते पाणी गटारात सोडायचं. काटा खुणेच्या खाली आला तर अडथळा पंपाच्या अलीकडे आहे, म्हणजे टोपलीत, स्किमरमध्ये किंवा पंपाच्याच तोंडाशी. या दुसऱ्या वेळी बॅकवॉश करण्यात काही अर्थ नसतो, तरी अनेक ठिकाणी पाणी गढूळ दिसलं की सरसकट बॅकवॉशच करतात. हजारो लिटर पाणी गटारात जातं आणि टोपलीतला पाला जागेवरच राहतो. रोज उठून बॅकवॉश करणंही चूक. थोडी मळलेली वाळू नुकत्याच धुतलेल्या वाळूपेक्षा बारीक गाळते. बॅकवॉश दोन-तीन मिनिटं, बाहेर जाणारं पाणी दिसतं त्या काचेत ते निवळेपर्यंत, आणि मग अर्धा मिनिट रिन्स, म्हणजे पाणी सरळ दिशेने वाळूतून नेऊन तेही बाहेर सोडायचं. रिन्स टाळला तर सुटा झालेला मळ थेट तलावात येतो. पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप बंदच हवा.

पाचोळ्यासाठी मी सकाळी पंप चालू करण्याआधी लांब दांड्याची जाळी फिरवतो. पान तरंगत असतं तोवर हाताशी येतं. भिजून तळाला गेलं की कुजतं, पाण्याला तपकिरी रंग सोडतं आणि क्लोरीन खातं. तळाला गेलेला जाड गाळ व्हॅक्यूमने काढताना मी वाळूतून नेत नाही, सरळ बाहेर सोडतो. वाऱ्याच्या दिवसांत स्किमरच्या टोपलीला नायलॉनचा पातळ मोजा चढवला तर परागकण आणि बारीक कचराही अडकतो. मात्र तो लवकर भरतो, लक्ष न देता ठेवला तर पाण्याची ओढ कमी होते. काठावरची झाडं तोडा असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. सावलीत पोहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी रोज पाहतो.

पोहणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट शॉवर घ्या. तेवढ्यात अंगावरचा बहुतेक घाम, तेल आणि धूळ उतरते. केस लांब असोत की आखूड, टोपी घाला. जखमेच्या पट्ट्या आणि हातातले दोरे बाहेर ठेवा. डोळे चुरचुरतात तेव्हा 'क्लोरीन जास्त झालं' असं म्हणतात, पण त्याचं कारण बहुतेक वेळा घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार होणारी क्लोरामाइन्स असतात. शॉवरने तेही कमी होतं.

एक गोष्ट व्यवस्थापनांना कळकळीने सांगायची आहे. पाला अडकतो म्हणून तळाच्या ड्रेनची, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणाऱ्या तोंडाची, जाळी काढू नका, तुटलेली जाळी तशीच ठेवून तलाव उघडू नका. ड्रेनची ओढ किती जीवघेणी असते ते २००२ साली अमेरिकेत दिसलं. गरम पाण्याच्या टबमधल्या ड्रेनने सात वर्षांच्या व्हर्जिनिया ग्रॅम बेकरला धरून ठेवलं. आईला तिला सोडवता आलं नाही आणि ती बुडाली. २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला. ड्रेनवर सुरक्षित जाळ्या बसवणं त्याने बंधनकारक केलं. मी रोज तलाव उघडण्याआधी तळाची जाळी पाहतो. एक स्क्रू ढिला दिसला तरी कुणालाही पाण्यात उतरू देत नाही, मग बाहेर रांग कितीही असो.

माझ्या पंपघरात खिळ्याला एक वही टांगलेली आहे. टोपली किती वाजता रिकामी केली, काटा कुठे होता, बॅकवॉश कधी झाला, जाळी पाहिली का, एवढंच तिच्यात लिहितो. शेजारी जादा टोपली ठेवलेली असते, कारण तडा गेलेली टोपली नसल्यासारखीच. तुम्ही पोहता त्या तलावावर अशी वही असेल तर ती एकदा पाहायला मागा. नसेल तर सुरू करायला सांगा, आणि वाऱ्याच्या दिवसांत पंपघरात दुसरा माणूस आहे का तेही विचारा.

आपला,
एक फिल्टर ऑपरेटर